खिडकीजवळच्या खाटेवरचा दुसरा पेशंट

दुपारची औषधं वाटायची, यात गोष्ट होण्यासारखं खरं तर काहीच नाही. मोठ्या सिस्टरांचा अर्धा जन्म त्याच कामात गेला होता. त्या दिवशीही हाडांच्या वॉर्डात ट्रॉली ढकलत त्या निघाल्या, त्या डोक्यात शंभर कटकटी घेऊन. चादरी धुऊन आलेल्या नव्हत्या, एक नर्स न सांगता रजेवर, आणि खिडकीजवळच्या खाटेवर त्यांची स्वतःची आई.

आई घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडून बसली. ऑपरेशन झालं, उत्तम झालं. आता पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एक इंजेक्शन वेळच्या वेळी जायला हवं होतं. ते चुकलं तर गुठळी सुटते, थेट फुप्फुसात जाते, आणि मग डॉक्टरही हात टेकतात. मोठ्या सिस्टरांनी हे आजवर कितीतरी नातेवाइकांना समजावून सांगितलं होतं. रात्री अंथरुणावर पडल्यावर हल्ली त्या ते स्वतःलाच सांगत होत्या.

"जेवलीस का?" आईनं विचारलं. लेक दिसली की आईचा पहिला प्रश्न हाच, मग खुबा मोडलेला असो की आभाळ कोसळलेलं असो.

"जेवले गं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. जेवल्या नव्हत्या.

आता ही ट्रॉली. हिच्याविषयी बोलायचं म्हणजे मोठ्या सिस्टरांच्या कपाळाची शीर उठायची. पूर्वी कसं, खण उघडा, औषध काढा, पेशंटचं नाव विचारा, द्या. पण मधे कुठल्याशा वॉर्डात एकाचं औषध दुसऱ्याला गेलं आणि वरच्या साहेबांनी आरएफआयडी की काय म्हणतात ती व्यवस्था आणली. प्रत्येक पेशंटच्या मनगटावर चिपवाली पट्टी. ट्रॉली खाटेजवळ नेली की ती रेडिओ लहरींनी पट्टी ओळखणार, पडद्यावर नाव दाखवणार आणि त्याच पेशंटचा खण उघडणार. पेशंट घरी निघाला की दाराशी पट्टी कात्रीनं कापायची, भिंतीवरच्या डबीला दाखवायची, म्हणजे यंत्राच्या लेखी तो गेला. कल्पना चांगली होती, हे मोठ्या सिस्टरही मान्य करायच्या. चांगल्या कल्पनेचा त्रास सोसायला नर्सेस आहेतच की.

ट्रॉली खाटेला लागली आणि ट्रॉलीनं टूं केलं. पडद्यावर अक्षरं आली. जवळ दोन रुग्ण आहेत. एकाला दूर करा.

शेजारची खाट चांगली लांब होती. मोठ्या सिस्टरांनी ट्रॉली मागे घेतली, पुढे घेतली. तेच.

"टकळी," त्यांनी हाक मारली. वॉर्डातली धाकटी नर्स दिवसभर बडबडायची म्हणून तिला सगळे टकळी म्हणायचे आणि तीही ओ द्यायची. "परत जादा पट्ट्या छापून खाटेला चिकटवल्यात ना तुम्ही लोकांनी?"

तो नर्सेसचा जुना उद्योग होता. झोपलेल्या पेशंटचा हात पांघरुणातून ओढून काढण्यापेक्षा त्याच्या नावाची दुसरी पट्टी छापायची आणि खाटेच्या दांडीखाली चिकटवायची. साहेबांनी त्यावरून एकदा चांगलंच फैलावर घेतलं होतं.

"नाही हो सिस्टर, शप्पथ नाही. या खाटेला तर नाहीच."

दोघींनी गादी उचलली, उशीचे अभ्रे झटकले, दांड्यांखाली हात घातले. एक जुनी केसांची पिन मिळाली. आई शांतपणे बघत होती.

"अगं, त्यांना कशाला उठवतेस?" ती म्हणाली. "बसू दे की. त्यांचा काही त्रास नाही."

"कुणाला?"

आईनं पायाकडच्या बाजूला नुसती मान हलवली. तिथं कुणी नव्हतं. फक्त चादरीचा काठ जरा खाली दबला होता, आणि औषधांच्या वासात दुसरा एक कोरडा वास मिसळला होता. कसला ते पटकन कळेना. मग कळलं. खडूचा.

भुलीचं औषध उतरताना म्हातारी माणसं काहीबाही बोलतात. मोठ्या सिस्टरांनी तिकडे काणाडोळा केला आणि जी गोष्ट दुसऱ्यांना करू देत नव्हत्या तीच स्वतः केली. आईच्या नावाची दुसरी पट्टी छापली आणि दोष खाटेचा की ट्रॉलीचा ते बघायला ट्रॉली घेऊन त्या बाहेरच्या व्हरांड्यात गेल्या. व्हरांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा होता. त्यांनी पट्टी ट्रॉलीसमोर धरली.

जवळ दोन रुग्ण आहेत. एकाला दूर करा.

मागे अगदी जवळून कुणीतरी घसा खाकरला. वर्गात शिरण्याआधी खाकरावा तसा, सावकाश. मोठ्या सिस्टर वळल्या. ऊन फरशीवर सरळ पडलं होतं. त्यांनी पट्टी एप्रनच्या खिशात कोंबली, ट्रॉलीला एक शिवी हासडली आणि मास्टर किल्लीनं खण उघडून इंजेक्शन काढलं.

मास्टर किल्ली लावली की वर साहेबांकडे नोंद जाते. दुसऱ्या दिवशी फोन आलाच. "सिस्टर, तुमच्याच वॉर्डात का अडतं हो? आणि तेही तुमच्याच आईच्या खाटेपाशी? यापुढे किल्ली मिळणार नाही. यंत्र नीट करून घ्या."

मग मशीनवाला आला. हातातलं छोटं यंत्र खाटेवरून फिरवत त्यानं दोनदा डोकं खाजवलं.

"इथं दोन पट्ट्या आहेत, सिस्टर. एक आजींच्या हातावर. दुसरी..." त्यानं नंबर संगणकात घातला. "हेडमास्तर म्हणून कुणी होते का?"

होते. आईच्या आधी त्याच खाटेवर एक निवृत्त हेडमास्तर होते. सभ्य माणूस, पण शिस्तीचा भारी. ड्रेसिंगला दुसऱ्याला आधी नेलं तर म्हणायचे, "नंबराप्रमाणे, सिस्टर, नंबराप्रमाणे." एका पहाटे तसेच शांतपणे गेले. मुलाला अंत्यसंस्काराची घाई होती. कुणाच्या लक्षातच आलं नाही, पट्टी कापली नाही, ती त्यांच्याबरोबरच गेली.

"म्हणजे जळली," टकळी हळूच म्हणाली.

"मग सिग्नल कुठून येतोय?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

मशीनवाला आपलं यंत्र खाटेच्या पायथ्याशी धरून उभा होता आणि यंत्र बारीक आवाजात वाजत होतं. "यंत्राच्या लेखी ते गेलेलेच नाहीत," तो शेवटी म्हणाला. "त्यांच्या नावाची नवी पट्टी छापा, दाराशी कापा, डबीला दाखवा. सुटेल."

इंजेक्शनची वेळ टळून गेली होती. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. मोठ्या सिस्टरांनी पट्टी छापायला सांगितली, आणि तेवढ्यात आईनं त्यांचं मनगट धरलं. तिच्या हाताला नेहमीचा बामचा वास येत होता.

"त्यांना घालवू नकोस गं."

"आई, खण उघडत नाहीये. तुला इंजेक्शन द्यायचंय."

"माहितीये. पण ते पुढे आहेत ना माझ्या. ते बसलेत तोवर... माझी पाळी येत नाही. त्यांनीच सांगितलं. ते म्हणाले, मला काही घाई नाही, मी बसतो."

मोठ्या सिस्टरांचा संयम सुटला. साहेब, मशीन, टकळी, उपाशी पोट, आणि आता हे. "पुरे झालं, आई. इथं माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुझं काय भलतंच चाललंय."

आईनं हात सोडला. "बरं बाई. तुझंही बरोबरच आहे."

दाराशी मोठ्या सिस्टरांनी हेडमास्तरांच्या नावाची पट्टी कापली आणि डबीला दाखवली. डबी वाजली. आणि वॉर्डाचं काचेचं दार, जे कार्ड दाखवल्याशिवाय हलायचं नाही, ते आपसूक उघडलं. खडूचा वास त्यांच्या नाकासमोरून बाहेर गेला. उंबऱ्यावर तो क्षणभर थांबला, निरोप घेताना माणूस थांबतो तसा. मग दार मिटलं.

ट्रॉली मुकाट उघडली. इंजेक्शन देताना आई खिडकीबाहेर बघत होती. पायाकडची चादर सपाट झाली होती.

"गेले," आई म्हणाली. "आता मी."

ती नंतर झपाट्यानं सुधारली. वॉकर घेऊन चालू लागली, नर्सेसना नावं ठेवू लागली. डॉक्टरांनी घरी सोडलं, तेव्हा मोठ्या सिस्टरांनी स्वतःच्या हातानं तिची पट्टी कापली, डबीला दाखवली, पडद्यावर नाव पुसलं गेल्याचं दोनदा पाहिलं. घरी भाऊ होता, वहिनी होती. सकाळी मोठ्या सिस्टर ड्युटीवर निघाल्या तेव्हा आई चहा पीत होती आणि चहा पाणचट झालाय म्हणून वहिनीला टोमणे मारत होती. म्हणजे सगळं ठीक होतं. किती दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं.

वॉर्डाच्या दाराशी त्यांनी कार्ड लावलं. दार उघडलं नाही. वरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली.

जवळ दोन व्यक्ती आहेत. एकीला दूर करा.

खाली त्यांचं नाव होतं. त्याखाली आईचं.

मग त्यांना स्वतःचाच राग आला. खिशातली ती पट्टी! व्हरांड्यात नेलेली. त्यांनी एप्रनच्या खिशात हात घातला, चुरगळलेली पट्टी काढली आणि दारावरच्या रखवालदाराकडे दिली.

"काका, ही घेऊन जरा खाली जिन्याशी जा. अगदी खाली."

रखवालदार कुरकुरत गेला. त्याची पावलं खालच्या मजल्यावर पोचल्याचं त्यांनी ऐकलं. मग पुन्हा कार्ड लावलं.

जवळ दोन व्यक्ती आहेत.

त्यांच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या जरा खाली, जिथं आईचं डोकं यायचं तिथून, बामचा वास आला.

खिशात फोन थरथरायला लागला. वहिनीचं नाव. मोठ्या सिस्टर त्या नावाकडे बघत राहिल्या. उचलला नाही तोवर काही झालेलं नाही, असं काहीतरी खुळ्यासारखं मनात आलं, आणि त्यांनी तो तसाच खिशात ठेवला. समोरचं दार आपसूक उघडलं आणि बराच वेळ उघडं राहिलं. वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाला आत जायला लागतो तेवढा वेळ.

त्या मागोमाग आत गेल्या.

खिडकीजवळच्या खाटेवर आता एक शिंपीणबाई होती. पाय मोडलेला, दोन लेकरं घरी, कालच ऑपरेशन झालेलं. तिच्याजवळ टकळी ट्रॉलीशी झटापट करत होती.

"बघा ना सिस्टर, आत्तापर्यंत नीट चालली होती. परत तेच, जवळ दोन रुग्ण. हिचं गुठळीचं इंजेक्शन राहिलंय. आणि गंमत म्हणजे नाव तुमच्या आईंचं येतंय." ती घाईघाईनं बोलत होती. "मशीनवाल्यानं सांगितलंय ना, मास्तरांचं केलं तसंच करायचं. पट्टी छापलीय मी. कात्रीही आहे. कापून आणू का दाराशी?"

शिंपीणबाई पायाकडच्या बाजूला बघत होती. तिथं चादरीचा काठ दबलेला होता.

"या आजी तुमच्या कोण?" तिनं खालच्या आवाजात विचारलं. "आल्या तशा तुमचंच विचारतायत... म्हणतात, ती जेवली का बघा. आणि म्हणतात, घाबरू नकोस पोरी, मी बसलेय तुझ्यापुढे. कुणी उठवलं नाही तर..."

खिशातला फोन थांबला आणि पुन्हा थरथरू लागला. ट्रॉलीनं टूं केलं.

"सिस्टर, कापू ना?" टकळीनं विचारलं.

मोठ्या सिस्टरांनी तिच्या हातातली कात्री काढून घेतली आणि आपल्या खिशात टाकली. मग त्या खाटेच्या पायथ्याशी गेल्या. त्यांनी नेहमीच्याच वैतागलेल्या आवाजात सांगितलं, "जेवले गं."

चादरीचा काठ आणखी जरा खाली दबला. कुणीतरी नीट सावरून बसावं तसा.