भरतीवर येणारी गाडी

नार्व्याच्या धक्क्यावर त्या दिवशी असा काही आवाज झाला, की फेरीबोटीत चढलेले आम्ही सगळे एकदम मागे वळलो. बघते तर एक पिवळी गाडी. दोनच सीटांची, छप्पर मागे दुमडलेलं आणि पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी. पुढची चाकं बोटीच्या उतरत्या फळीवर, मागची अजून नार्व्यात, आणि नाक खाली घासून अडकलेलं. आत स्टिअरिंगला धरून एक तरुण बसला होता. डोळे घट्ट मिटून.

"दातांचो डॉक्टर न्हय तो?" कोणीतरी विचारलं.

"आता गाडयेचेच दात पडले!" दुसरा म्हणाला, आणि सगळी बोट हसली.

बोटीवरचा खलाशी सगुण लाकडाचे तुकडे आणायला धावला. समोर कोणाचं चुकलेलं दिसलं की मला गप्प बसवत नाही, हा मास्तरकीचा दोष. मी स्कूटर स्टँडला लावली आणि गाडीपाशी गेले.

"ओहोटी आहे," मी म्हटलं.

त्याने एक डोळा उघडला. "म्हणजे?"

"म्हणजे पाणी खाली, बोट खाली, फळी तिरकी. ही गाडी भरतीला आणायची. भरतीच्या आधी दोन तास, नंतर दोन तास चालेल. एरवी आणलीत तर हेच होणार."

"हे कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही. सगळ्यांना माहीत असतं."

"मी डिचोलीचा. आमच्या बाजारात भरती येत नाही," तो म्हणाला आणि हसला. दात छान होते त्याचे, धंद्याला शोभणारे. माझं लक्ष गेलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल.

माझं नाव गौरवी. नदीपलीकडे दिवाडी बेटावरच्या शाळेत मी गणित शिकवते. सकाळी सात-दहाच्या बोटीने जाते, दुपारी पावणेदोनच्या बोटीने परत येते. माझ्या बाबांनी, गोकुळदासांनी, तीस वर्षं फेरीबोट चालवली. डॉक्टरचं नाव साईश. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दिवाडीच्या दवाखान्यात दात बघायला त्याला नुकतंच बोलावलं होतं. पहिल्याच मंगळवारी हे असं झालं.

फळीखाली लाकडं सरकवून गाडी एकदाची बोटीत आली, तेव्हा तो माझ्या स्कूटरजवळ येऊन म्हणाला, "टीचर... शुक्रवारी किती वाजता येऊ?"

"गाडी धक्क्यावर ठेवा आणि चालत या. कधीही."

"तिला सोडून?" त्याने असं विचारलं, जणू मी लेकराला रस्त्यावर सोडायला सांगितलं होतं. शिकत असताना ही गाडी त्याने कोणाच्या तरी दारात पाहिली होती. मग सहा वर्षं पैसे जोडून जोडून, जुनीच, पण तीच घेतली.

मी त्याला माझा नंबर दिला.

बाबांचं गणित सोपं. त्या दिवसाची तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. "शुक्रवारी अष्टमी," बाबा सोप्यावर पाव चहात बुडवत म्हणाले. "आठाची पाऊणपट सहा. पाणी नार्व्याक येवक वर पाऊण तास धर. पावणेसात." मग थांबून, "कोणाक होया गो?"

"एका गाडीला," मी म्हटलं.

पावणेसातची भरती म्हणजे पावणेपाचपासून पावणेनऊपर्यंत गाडी चढते. मी त्याला संदेश पाठवला: सात-दहाची बोट.

असं सुरू झालं. आठवड्यातून दोन वेळा त्याचा प्रश्न यायचा आणि माझं उत्तर जायचं. दिवाडीचे लोक म्हणू लागले की आमचा दातांचा डॉक्टर भरतीवर येतो. शाळेतली पोरं गाडीला पिवळो बेडूक म्हणायची. डिसेंबरातल्या एका दुपारी परतीच्या बोटीत त्याने दुसरं दार उघडून धरलं.

"नदी पार होईपर्यंत तरी बसा."

"माझी स्कूटर?"

"सगुण बघेल. विचारून ठेवलंय."

"म्हणजे सगळं ठरवूनच आलात?"

"टीचरसमोर तयारी न करता कसा येणार?"

मी बसले. म्हणजे जवळजवळ खाली पडलेच, इतकी ती सीट खोल. आजूबाजूला लोकांचे पाय आणि स्कूटरची चाकं तेवढी दिसत होती. वर नुसतं आकाश, आणि मध्ये खारट वारा.

"इथून माणसांचे चेहरेच दिसत नाहीत," मी म्हटलं.

"म्हणून तर आवडते. दिवसभर मी लोकांचे चेहरेच बघतो. तेसुद्धा तोंड वासलेले." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "एखादा चेहरा मात्र चालतो."

मी केस सारखे केले. वाऱ्याने तसे ते विस्कटलेही नव्हते. धक्का आला तेव्हा नदी आज एवढी अरुंद कशी झाली, असं मला मनापासून वाटलं.

मार्चमध्ये एका शुक्रवारी बोटीची वाट बघत आम्ही धक्क्यावर उभे होतो. तो बोनेटवर बोटाने रेघा काढत होता.

"आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली ना जानेवारीत," तो शेवटी म्हणाला. "आता चालते छान. पण या गाडीत बसली की उठता येत नाही. परवा मी आणि शेजारचे भिकाजीकाका, दोघांनी ओढून काढली. रागाने दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. दर सोमवारी ती इथे सप्तकोटेश्वराला यायची. तीन महिने झाले, आली नाही. भाड्याच्या गाडीने जा म्हटलं तर म्हणते, मुलगा असताना भाड्याने कशाला जाऊ?"

"मग?"

"मग उंच गाडी घ्यायला हवी. ही विकून ती घ्यावी, की ही ठेवून आणखी ती घ्यावी, तेच ठरत नाही. घराखाली एकच गाडी मावते. ही ठेवायची तर साखळी गावात आत्याकडे, ताडपत्री घालून. रविवारी काढीन..." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सांगा, टीचर. तुम्ही सांगाल तसं करतो."

त्याला 'ठेवा' ऐकायचं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. आणि मला? उंच गाडी आली की भरती-ओहोटीचा प्रश्न मिटला. प्रश्न मिटला की मी मिटले. मलाही त्याला 'ठेवा' सांगायचं होतं. दोघांनाही तेच हवं होतं आणि ते चूक होतं. चुकलेल्या गणितावर मला बरोबरची खूण करता येत नाही, कोणासाठीच.

"विका," मी म्हटलं.

"इतक्या पटकन?"

"आमच्या परसात बाबांची होडी आहे. निवृत्त झाल्यावर झावळ्या घालून ठेवली, रविवारी काढीन म्हणून. पहिल्या वर्षी दोनदा काढली, दुसऱ्या वर्षी एकदा. आता तिच्या तळातून गवत उगवलंय. बाबा त्या बाजूला बघत नाहीत. ही गाडी चांगली आहे तोवर, ती रोज चालवेल अशा माणसाला द्या. आणि आईंना देवळात आणा."

समोरून बोट येत होती.

"बरं," तो म्हणाला. "वेळा कळवायचा तुमचा त्रासही वाचेल."

"हो," मी म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

पंधरा दिवसांत गाडी गेली. मोरजीच्या योगेश नावाच्या माणसाने घेतली. तिथे त्याचं छोटं हॉटेल आहे, रोज किनाऱ्याच्या रस्त्याने ये-जा असते. साईशचा संदेश आला: 'दिली. मी रडलो नाही. आई रडली.' मी उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, आणि शेवटी 'बरं झालं' एवढंच पाठवलं. त्यानंतर त्याचा प्रश्न आला नाही. मंगळवार गेला, शुक्रवार गेला, पुढचा मंगळवारही गेला. तो आता नऊच्या बोटीने येतो, असं सगुणने न विचारता सांगितलं.

"दातांच्या डॉक्टराक वेळ नको आज?" बाबांनी विचारलं.

"त्याची नवी गाडी उंच आहे. तिला कधीही चालतं."

"बरा झाला मरे. मग तुझा तोंड कित्याक उतरलां?"

मी आत गेले आणि मोरीत जाऊन रडले. एखाद्या माणसाची इतकी सवय लागते, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. सल्ला बरोबर होता, याचं समाधान उगाळून लावलं तरी बरं वाटेना.

पुढच्या सोमवारी सकाळी मी धक्क्यावर आले तेव्हा ओहोटी होती. फळी पार तिरकी झालेली. रांगेत एक पांढरी उंच गाडी उभी होती आणि तिला टेकून साईश.

"आज सोमवार," मी म्हटलं.

"माहीत आहे. आईला देवळात आणलं होतं. म्हणाली, आता बोटीतून फिरवून आण." तो एक पाऊल पुढे आला, आणि पाठ केलेलं विसरू नये तसं भराभर बोलू लागला. "टीचर, नऊच्या बोटीत दर वेळी उभा राहतो आणि विचार करतो, आता यांना विचारू काय? वेळ विचारायची होती तोवर बरं होतं. तुम्ही इतक्या पटकन विका म्हणालात... मला वाटलं, कंटाळल्या असतील, सुटले एकदाची असं झालं असेल."

आता मात्र मला राग आला.

"सुटले? डॉक्टर, भरतीच्या मागेपुढे मिळून चार तास तुमची गाडी चढत होती. त्या चार तासांत दर वेळी माझीच बोट कशी यायची, कधी मोजून बघितलंत?"

तो बघतच राहिला. "आणि... ज्या दिवशी भरती जुळत नसे?"

"त्या दिवशी तुमची परतीची बोट गाठायला मी दहावीचे जादा तास घेऊन शाळेत थांबत होते. सगळ्या वर्गाचं बीजगणित सुधारलं तुमच्यापायी!"

मागे सगुण खो खो हसला. मी लक्ष दिलं नाही.

"मग विका का म्हणालात?"

"कारण तुम्ही मला खरं विचारलं होतं. तुम्ही मला आवडता म्हणून काय मी तुम्हाला खोटं सांगू?"

बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. धक्क्यावरच्या सगळ्यांनाही कळलं. साईशचे कान लाल झाले होते.

"नका सांगू," तो हळूच म्हणाला. "कधीच नका सांगू. मलाही तुम्ही... पहिल्या दिवसापासून. मी डोळा उघडला तेव्हापासून."

गाडीची मागची काच आधीच खाली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आत त्याची आई, चंद्रावतीबाई, बसल्या होत्या. कपाळावर देवळातला अंगारा, मांडीवर प्रसादाची पुडी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं.

"भरतीवाली टीचर ती तूच मगो?" त्या म्हणाल्या. "बोट सुटता, आणि तुमी दोघां अजून बोलतासात. चेडवा, ह्या गुडघ्यांनी मी मागच्या सीटीर चढून बसलंय. पुढली सीट मी कोणासाठी मोकळी ठेवलंय, असा वाटता तुका?"

सगुणने माझ्या हातातून स्कूटर काढून घेतली. साईशने पुढचं दार उघडलं.

"येतेस?" त्याने विचारलं.

"येते," मी म्हटलं, आणि चढून बसले.