नापसंत म्हणणाऱ्यानं घरी जायचं

लातूर जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या आधी आल्या, त्यांच्या पाट्या मागून आल्या, आणि पाणी काही आलंच नाही. लोह्याहून शिक्षण विभागात नोकरीला आलेल्या पंचशीला सोनकांबळेला हे पहिल्याच आठवड्यात कळलं. टँकर गल्लीच्या तोंडाशी थांबायचा आणि तिथूनच माघारी वळायचा. चार घरांच्या सह्या घेऊन ती तहसीलच्या टंचाई शाखेत गेली.

टेबलामागं एक किडकिडीत तरुण बसला होता. त्यानं अर्ज शेवटपर्यंत वाचला, पेन्सिलीनं एक वेलांटी दीर्घ केली आणि कागद तिच्याकडं सरकवला.

"नामंजूर?"

"न्हाई. अर्ज चांगला हाय. टँकर न्हाई."

"मग वेलांटी कशाला दुरुस्त केली?"

"तेवढंच माझ्या हातात हाय, बाई."

हसायचं नाही असं ठरवूनच ती उठली. जिन्यात मात्र हसू फुटलंच.

त्याच शनिवारी शेषेराव गुरुजींच्या माडीवर ती वाचक मंडळात गेली, तर कोपऱ्यात तोच माणूस. नाव बसवंत, गाव निलंग्याकडचं. मंडळात पुस्तक निवडायची रीत गुरुजींनी आपल्या डोक्यानं घातली होती. "पोरगी दाखवत्यात तसं पुस्तक दाखवायचं," ते म्हणायचे. ज्यानं आणलं त्यानं एक पान वाचायचं, बाकीच्यांनी पसंत की नापसंत ते बोलायचं. मात्र नापसंत म्हणणाऱ्यानं पुस्तक घरी न्यायचं, पुरतं वाचायचं, आणि मालकाच्या दारात जाऊन कारणासकट परत द्यायचं. गुरुजी पक्के होते. एवढा उपद्व्याप कोण करतो? म्हणून मंडळात आजवर सगळीच पुस्तकं पसंत पडत आली होती.

पंचशीलानं कादंबरीचं पान वाचून संपवलं, आणि कोपऱ्यातून थंडपणे आवाज आला, "नापसंत."

रविवारी बसवंत दारात हजर. नायक फार रडतो, म्हणाला. पंचशीलानं अर्धा कप चहा दिला. उन्हाळ्याच्या हिशेबानं तो पाहुणचारच होता. पुढच्या कादंबरीचं कारण त्यानं वेगळं आणलं.

"नायिका पानोपानी नदीकाठी बसती. टंचाई शाखेतल्या माणसानं हे कसं सोसावं?"

तिसऱ्या रविवारी तिनंच विचारलं, "आणि ही?"

"तिच्यातली नायिका बोलतच न्हाई. मला सवय न्हाई राहिली... गप्प बाईची."

"आम्ही जास्त बोलतो म्हणा की."

"मी कारण सांगून राहिलो पुस्तकाचं—" असं म्हणत त्यानं कपात बघितलं. कप केव्हाच रिकामा झाला होता.

घरमालकीण नागुबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत असायची. "पोरी, ह्याला एक बी पुस्तक आवडंना, तरी पायातली चप्पल झिजली. कसं काय गं?"  बेरीज पंचशीलानंही करून बघितली होती. इतरांची पुस्तकं हा माणूस मुकाट पसंत करायचा. नापसंत व्हायची ती फक्त तिची. तोंडानं त्यानंच सांगावं, एवढी तिची अट होती.

मग एका शनिवारी तिनं कादंबरी आणली नाही, एका बाईचं आत्मकथन आणलं. जाडाभरडा कागद, साधी छपाई. तिनं विहिरीवरचं पान निवडलं होतं. लहान पोर उन्हात उभी आहे, विहिरीला हात लावायची सोय नाही, वरून कुणीतरी ओतेल तेव्हा पाणी. पंचशीला वाचत होती. कुणी पंख्याकडं बघत होतं, कुणी नखांकडं. पान संपलं.

"नापसंत," बसवंत म्हणाला.

माडीभर सुटकेचा हलकासा सुस्कारा फिरला. नापसंतीपेक्षा तिला तो सुस्काराच लागला. "हाव, जडच हाय जरा," कुणीतरी म्हणालं, "उन्हाळ्यात हलकं बरं." तिनं पुस्तक पिशवीत घातलं.

जिन्यात बसवंत मागून आला. हात पुढं करून म्हणाला, "पुस्तक... नेम हाय ना."

"हे न्हाई मिळणार. ही बाई म्हणजे माझी आजी, माझी मावशी हाय. तुमच्या खेळात न्हाई द्यायची."

त्याचा हात तसाच राहिला. ती मागं न बघता उतरून गेली.

पुढच्या बैठकीला ती गेली ती नाव कमी करायलाच. पण तिच्या आधी गुरुजींनी त्याला उभं केलं. "बसवंतराव, कारण बोला."

"कारण न्हाई, गुरुजी. मी ते पान ऐकलंच न्हाई. बाई वाचत होत्या आणि मी... बाईंकडंच बघून राहिलो होतो. वाचणं थांबलं, तसं सवयीनं तोंडातून गेलं. आधीच्या कादंबऱ्याही चांगल्याच होत्या. पण पसंत म्हटलं असतं, तर ह्यांच्या दारात कोणत्या तोंडानं गेलो असतो?"

गुरुजींनी चष्मा काढला. "म्हंजे आता पसंत?"

"पसंत."

"पुस्तक का—"

"गुरुजी," पंचशीला उठली, "न वाचता पसंत करायची रीत हाय का आपल्यात?" पिशवीतून पुस्तक काढून तिनं बसवंतच्या हातात ठेवलं. "एकट्यानं वाचू नका. घरी अव्वांना वाचून दाखवा. सगळं. विहिरीचं पान गाळू नका. मग यावं वाटलं तर या. न्हाई वाटलं, तर पुस्तक तेवढं पोस्टानं पाठवा."

बसवंतच्या घरी शेती होती, आणि घरात चालायचं ते अव्वाचं, म्हणजे त्याच्या आईचं, केवळाबाईचं. प्रश्न कुठं येऊन ठेपलाय ते माडीवर सगळ्यांना समजलं. नाव कमी करायचं पंचशीला विसरली.

एक रविवार गेला, दुसराही गेला. पोस्टमन दिसला की ती दारातून आत सरायची आणि तो पुढं गेला की बाहेर यायची.

मग एका भर दुपारी दारात हिरव्या लुगड्यातली एक ठेंगणी बाई उभी राहिली. तिच्या मागं, शाळेत उशिरा पोचलेल्या पोरासारखा बसवंत. कुणी 'बसा' म्हणायच्या आत केवळाबाई बाजेवर बसल्या.

"तूच का पुस्तकवाली?"

"हाव."

"ह्यानं समदं वाचलं. ती हीर हाय ना, तसली आमच्या गावात बी हाय. वरून वतनारी मी होते." आवाजात चढउतार नव्हता. "खाली कोन हुबं हाय, त्या पोरीचं तोंड कसं असतंय, कधी बगितलं न्हाई. घागरीकडं बगूनच वतायचे."

पंचशीलानं थेट त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"पानी दे."

माठ तळाला गेला होता. तिनं तो तिरपा करून तांब्या भरला. केवळाबाईंनी सगळा तांब्या संपवला, पदरानं तोंड पुसलं आणि कामाचं बोलायला घेतलं.

"तुमच्यात लगीन कसं लावतेत?"

"वंदना म्हणतात. फुलं टाकतात. नवरी पांढरी साडी नेसते."

"पांढरी?" केवळाबाईंनी बराच विचार केला. "मला न्हाई जमायचं. मी हिरवंच नेसनार."

"अव्वा, पांढरी नवरीनं नेसायची. तुम्ही न्हाई."

"मग हरकत न्हाई. ह्याचा बाप रुसंल, बोलनार न्हाई काई दिवस. मला बी जरा निवांत."

"पण... मी अजून हो कुठं म्हटलंय?"

"मग म्हन की. निलंग्याची गाडी जाती आमची."

पंचशीलानं बसवंतकडं बघितलं. तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता, आणि ह्या खेपेला त्याच्यापाशी कसलंच कारण नव्हतं.

"हाव," ती म्हणाली, "पण अव्वा, जेवल्याबिगर गाडी न्हाई मिळायची."