करपणारा कोपरा

सन १९८९च्या जुलै महिन्यातील दुसऱ्या शनिवारी, टेक्सासच्या आखाती किनाऱ्यावरील पोर्ट मॅलोरी या बंदरात, महायुद्धातून सुखरूप परतलेल्या आणि आता प्रेक्षकांसाठी धक्क्याला कायमची बांधून ठेवलेल्या ‘हॅस्केट’ या विनाशिकेच्या भटारखान्यात, मिनेसोटाहून आलेले भूगोलाचे निवृत्त शिक्षक ऑर्विल लिंडक्विस्ट यांनी वीसेक माणसांसमोर मार्गदर्शकाला मध्येच थांबवून म्हटले, “माफ करा, पण ही भट्टी माझी आहे!”

मार्गदर्शक होते मिस्टर प्रूइट. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून ते नौदलाची टोपी घालत. नौदलात मात्र ते एक दिवसही नव्हते.

“म्हणजे तुम्ही हॅस्केटवर होता, साहेब?” त्यांनी हसून विचारले.

“छे! मी कॉर्विनवर होतो. पाव भाजायला.”

“कॉर्विन? ती तर केव्हाच भंगारात गेली!”

“ते मला ठाऊक आहे,” लिंडक्विस्ट आजोबा म्हणाले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “पण भट्टी हीच. हिच्यात मागच्या उजव्या कोपऱ्यातला पाव करपतो. आमच्याजवळ बॉम्ब पडला तेव्हा आतला पत्रा त्या कोपऱ्यात खचला. मी त्याच्याखाली दोन चमचे चेचून सारले होते. तरी करपायचाच!”

लोक हसले. दोरीपलीकडे झुकलेल्या आजोबांचा हात प्रूइटसाहेबांनी हलकेच मागे घेतला. “हॅस्केट आणि कॉर्विन एकाच नकाशावर बांधलेल्या. भट्ट्याही सारख्याच. त्यामुळे घोटाळा होतो, या वयात. या जहाजावरचा खिळा न् खिळा मूळचा आहे, मंडळी! चला, पुढे दवाखाना!”

मंडळी पुढे गेली. आजोबा तिथेच उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर त्यांची तीन नातवंडे: तेरा वर्षांची मारित, तिचा अकरा वर्षांचा भाऊ निल्स आणि त्या दोघांची जोडी नावाची दहा वर्षांची मामेबहीण. मारित आणि निल्स यांची आई सिग्ने दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

तिचा चेहरा पांढरा का पडावा, हे मुलांना पुरते ठाऊक होते. युद्धातली जुनी जहाजे पाहत देशभर हिंडायचे, हा आजोबांनी निवृत्तीनंतर लावून घेतलेला नाद. प्रत्येक सुट्टीत ते आपले मोटारघर, म्हणजे चाकांवरचे घर, घेऊन निघत आणि नातवंडांना सोबत नेत. परंतु जूनमध्ये ते किराणा दुकानाबाहेर आपली गाडी शोधत बराच वेळ फिरले होते; गाडी घरी होती, दुकानात ते पायी आले होते. म्हणून या खेपेला सिग्ने स्वतः बरोबर आली होती. पुन्हा असा काही प्रकार घडला तर मोटारघर विकायचे आणि बाबांना वृद्धनिवासात ठेवायचे, असे तिने निघतानाच सांगून टाकले होते.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही या जहाजावर कधीच नव्हता.”

“नव्हतो गं! तेच तर मी म्हणतोय!”

“मग भट्टी तुमची कशी?”

भट्टी आपली आहे हे आजोबांना जितके पक्के दिसत होते, तितकेच हे जहाज आपले नाही हेही दिसत होते. आणि या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे त्यांना स्वतःलाच कळत नव्हते. त्यांनी भट्टीकडे पाहिले, छताकडे पाहिले, पुन्हा भट्टीकडे पाहिले. मग खिशातून किल्ल्या काढून त्यांनी मुकाट्याने लेकीच्या हातावर ठेवल्या.

“तूच चालव उद्या,” ते म्हणाले. “माझ्या डोक्याचं काही खरं नाही.”

त्या संध्याकाळी धक्क्याजवळच्या वाहनतळावर, मोटारघराच्या सावलीत मुलांची सभा भरली.

“आजोबांना वेड लागलंय का?” जोडीने विचारले.

“गप गं!” निल्स ओरडला. “वेड लागलेला माणूस चमचे मोजून सांगतो का?”

“वेड लागलेला माणूसच सांगतो! माझी पणजी तर दारातल्या टपालपेटीशी गप्पा मारायची.”

“भांडू नका!” मारित म्हणाली. वादात मारितला हरवणे तिच्या शिक्षकांनाही जड जाई. “प्रूइट काय म्हणाले? नकाशा एक, म्हणून भट्ट्या सारख्या. बरोबर. पण पाव करपणं नकाशात असतं का?”

“म्हणजे?”

“म्हणजे असं, की भट्ट्या सारख्या असू शकतात, पण बिघाड सारखे असू शकत नाहीत! बॉम्ब कॉर्विनजवळ पडला. हॅस्केटच्या भट्टीतही तोच कोपरा करपत असेल, तर?”

निल्सने डोके खाजवले. “तर ही कॉर्विनची भट्टी. पण मग ती इथं आली कशी? पोहत?”

“ते मला माहीत नाही,” मारितने कबूल केले. “माझंही डोकं चालेनासं झालंय. पण आधी पाव करपतो का ते बघू या.”

संधी समोरच होती. त्या जहाजावर शनिवारी स्काउटांच्या तुकड्या मुक्कामाला येत, खलाशांच्या झुलत्या पलंगांवर झोपत आणि रविवारी सकाळी खऱ्याखुऱ्या भटारखान्यातली न्याहारी खाऊन घरी जात. म्हणजे रविवारी भट्टी पेटणार होती! अडचण एकच होती: जहाजावर चढण्याच्या फळीशी सकाळपासून प्रूइटसाहेब उभे असत आणि तिकीटखिडकी उघडेपर्यंत ते माशीलाही वर सोडत नसत.

“त्यांना मी बघते,” जोडी म्हणाली.

रविवारी सकाळी सिग्ने सामान बांधत होती आणि आजोबा घडीच्या खुर्चीत पाण्याकडे पाहत बसले होते, तेव्हा जोडी फळीपाशी गेली आणि तिने अत्यंत निरागस मुद्रेने विचारले, “मिस्टर प्रूइट, या तोफा विमानं पाडायच्या ना?”

“अर्थात!”

“मग पाडलेलं विमान आपल्याच जहाजावर पडलं तर?”

प्रूइटसाहेबांचे डोळे चमकले. इतका उत्तम प्रश्न त्यांना वर्षभरात कोणी विचारला नव्हता! जोडीच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी तिला धक्क्याच्या कडेला नेले आणि पुढच्या तोफेकडे बोट दाखवून ते जे बोलू लागले ते थांबेचनात. त्यांच्या पाठीमागून मारित आणि निल्स वाकून फळी चढले.

भटारखान्यात मिस्टर थिबोडो नावाचे एक जाडजूड स्वयंसेवक ट्रेमध्ये पिठाचे गोळे मांडत होते. “ए पोरांनो! न्याहारी वर डेकवर!”

“आम्ही स्काउट नाही,” मारित म्हणाली. खोटे बोलणे तिला जमत नसे आणि पटतही नसे. मग तिची नजर ट्रेवर खिळली. सगळा ट्रे गोळ्यांनी गच्च भरला होता. एक कोपरा तेवढा रिकामा होता.

“निल्स!” तिने भावाचे मनगट पकडले. “हा कोपरा आत गेल्यावर कुठं येतो?”

“मागे,” निल्स म्हणाला. “मागे... उजवीकडे!”

“काका, इथं गोळा का नाही ठेवलात?”

“कशाला ठेवू?” थिबोडो म्हणाले. “कोळसा होतो त्याचा. पहिल्या वर्षी ठेवायचो. सीगल पक्षीसुद्धा खाईनात, तेव्हा सोडून दिलं!”

“कुणाला सांगितलंत हे?”

“कुणी विचारलं तर सांगणार ना!”

निल्स आनंदाने नाचायलाच लागला. “मग आतला पत्रा उचला! लगेच! खाली चमचे आहेत!”

“चमचे? माझ्या भट्टीत?” थिबोडोंनी आळीपाळीने दोघांकडे पाहिले. “हे बघा, आधी ही पोरं जेवतील, मग भट्टी निवेल. आणि मग तुम्ही मला नीट सांगाल, की हे काय चाललंय. मला तर काही कळेना!”

पत्रा निवला तेव्हा निल्स हात घालायला धावला. परंतु मारित भट्टीसमोर हात पसरून उभी राहिली. “थांब! आपण काढले तर प्रूइट म्हणतील, तुम्हीच ठेवले. सगळ्यांना बोलव. आणि आधी आजोबा सांगतील, चमचे कसे आहेत ते. मगच उघडायचं!”

सगळे आले. सिग्ने रागावलेली होती. “मारित, गाडी निघायची वेळ झालीय! आजोबांना आणखी किती त्रास देणार आहेस?” प्रूइटसाहेब तिच्याहून अधिक रागावलेले होते, कारण तोफेची गोष्ट ऐन रंगात असताना जोडी म्हणाली होती, “पुरे झालं, आता वर चला.”

“आजोबा,” मारित म्हणाली, “ते दोन चमचे कसे होते?”

आजोबांनी मान हलवली. “नको, बाळा.”

“सांगा ना!”

“आणि खाली काही नसलं तर?” त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. “आत्ता निदान मला वाटतं तरी, की असतील. उघडल्यावर तेही उरणार नाही.”

वरच्या डेकवरून स्काउटांचा गलका ऐकू येत होता. मग निल्सने आजोबांचा हात धरला. “मला दाखवायचेत ते चमचे. तुम्ही चेचलेले.”

आजोबांनी दीर्घ श्वास घेतला. “एक अख्खा,” ते डोळे मिटून म्हणाले. “वाटीपासून दांड्यापर्यंत चपटा केलेला. दुसऱ्याचा दांडा लांब पडत होता, म्हणून मी तो निम्म्यावर कापला. करवत नव्हती. छिन्नीनं कापला, तेव्हा धार वेडीवाकडी आली.”

थिबोडोंनी स्क्रू काढले, पत्रा कोपऱ्यातून उचलला, टॉर्च आत धरला. “अरे देवा!” ते म्हणाले.

त्यांनी हात बाहेर काढला. तळव्यावर काजळीने काळे झालेले दोन चपटे चमचे होते. एक अख्खा. दुसऱ्याचा दांडा निम्म्यावर तुटलेला आणि त्याची कड वेडीवाकडी!

“आजोबा!” तिन्ही मुले एकदमच ओरडली.

“पण हे शक्य नाही!” प्रूइटसाहेब म्हणाले. “हे जहाज हॅस्केट आहे! खिळा न् खिळा—”

“कसला खिळा घेऊन बसलात!” थिबोडो म्हणाले. “नौदलानं हे जहाज आपल्याला दिलं तेव्हा हा भटारखाना रिकामा होता, साहेब. टेबल नाही, भट्टी नाही. आम्ही चौघं ट्रक घेऊन जहाजं तोडण्याच्या आवारात गेलो. तिथं याच जातीचं एक जहाज अर्धं कापून पडलं होतं. त्याच्यातली भट्टी उचलली, इथं बसवली, करड्या रंगाचे दोन हात मारले. त्याचं नाव काय होतं, ते विचारायचं कुणाला सुचलंच नाही.”

“हे मला कधी सांगितलं नाहीत!”

“सांगणार कधी? तुम्ही बोलत होता ना!”

जोडी खुदकन हसली. प्रूइटसाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली, मग पुन्हा काढली, आणि आजोबांसमोर येऊन ते म्हणाले, “मिस्टर लिंडक्विस्ट, काल चारचौघांत मी तुम्हाला हसलो. माझं चुकलं.” या माणसाच्या बाजूने एवढे सांगितलेच पाहिजे, की माफीही त्यांनी चारचौघांतच मागितली, कारण डेकवरचे स्काउट तोवर दारात गोळा झाले होते.

आजोबांनी चमचे हातात घेतले आणि भट्टीचे दार दोनदा उघडमीट करून पाहिले. “तो करपलेला पाव जहाजावर कोणाला द्यायचो, माहिती आहे?” त्यांनी निल्सला विचारले. “जो जेवणाची तक्रार करी, त्याला!”

“आणि तक्रार कुणीच केली नाही तर?”

“खलाशांनी? असं कधी झालंच नाही!”

थिबोडोंनी मारितच्या पाठीवर एवढी जोरात थाप दिली, की ती पुढे झुकली. “बारा वर्षं मी हिच्यावर पाव भाजतोय, पण पत्रा उचलून बघावंसं मला वाटलं नाही. तुम्ही पोरांनी एका सकाळीत छडा लावलात. आणि हिनं आधी आजोबांना बोलायला लावलं, म्हणून कुणाला तोंड उघडायला जागाच राहिली नाही. शाबास!”

सिग्नेने वडिलांच्या काळ्या झालेल्या बोटांमधले चमचे पाहिले, स्वतःच्या मुलांकडे पाहिले आणि पर्स उघडली.

“आई,” मारितने घाबरत विचारले, “तुझं काय म्हणणं आहे?”

सिग्नेने किल्ल्या वडिलांच्या हातात दिल्या.

“बाबा विसराळू आहेत, भ्रमिष्ट नाहीत,” ती म्हणाली. “गाडी तेच चालवतील.”