कुंडीचा पाव फेरा

भुतं रात्रीच येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे जरूर वाचावं. हे सगळं रविवारी सकाळी दहा वाजता घडलं, लख्ख उन्हात, माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी. यात मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

मावशीचे यजमान, म्हणजे माझे काका, गवंडी होते. भिंत सूतभर कलली तरी पाडून पुन्हा बांधायचे, म्हणून सगळे त्यांना ओळंबाच म्हणत. काम सोडल्यावर त्यांनी घरामागे स्वतःच्या हातांनी काचघर बांधलं, भिंतीचा सरळपणा बघायचा आपला दोरीचा ओळंबा त्याच्या छताला टांगला आणि तिथे शोभेचे पाम वाढवायला घेतले. सात वर्षांत सगळ्यात उंच पाम छताच्या काचेला टेकला.

पाम उजेडाकडे झुकतो. तो सरळ वाढायला हवा असेल तर कुंडी अधूनमधून फिरवावी लागते. काकांचा नेम ठरलेला होता. रविवारी दहा वाजता प्रत्येक कुंडीला पाव फेरा. कुठवर फिरवली ते कळावं म्हणून काठावर पांढऱ्या रंगाचा ठिपका.

लहान कुंड्या ते एकटेच फिरवत. उंच पामची सिमेंटची कुंडी मात्र दोघांशिवाय हलायची नाही. मग ते थापीच्या दांड्याने काचेवर वाजवत.

टक. टक. टक.

म्हणजे, ये आणि दुसरी बाजू धर.

लग्न माझ्याशी केलंत की या झाडाशी, असं पुटपुटत मावशी जायची आणि धरायची.

त्या रविवारीही टकटक झाली.

मावशी फोनवर होती, माझ्या आईशी. धाकट्या बहिणीशी बोलायला बसली की तिला वेळेचं भान राहत नाही. तरी ती म्हणाली, हे बोलावतायत, ठेवते.

"थांब गं ताई," आई म्हणाली. "दोन मिनिटांत झाड काही पळून जात नाही."

दोघी हसल्या.

पुन्हा टकटक झाली. मग थोड्या वेळाने एकदाच... अगदी हळू.

मग काहीच नाही.

मावशी पंचवीस मिनिटांनी काचघरात गेली. काका कुंडीला टेकून बसले होते, थापी हातातच होती. डॉक्टर म्हणाले, जरा आधी कळलं असतं तर... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मावशी ते रोज मनातल्या मनात पुरं करायची.

महिनाभर तिने काचघरात पाऊल टाकलं नाही. पाणीसुद्धा दारातूनच पाइपने घालायची.

मग एका रविवारी ती भांडी घासत होती.

टक. टक. टक.

तिचे हात साबणातच थांबले. पामचं पान छताला आपटलं असेल, असं तिने मनाला समजावलं. पण वारा नव्हता. आणि आवाज छतावरून आला नव्हता... कमरेच्या उंचीवरून आला होता.

त्या दिवशी ती गेली नाही. पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या रविवारी, आवाज थांबल्यावर, तिने जीव मुठीत धरून दार उघडलं.

छताला टांगलेला काकांचा ओळंबा... हलत होता.

लहान कुंड्यांचे ठिपके जागेवरून सरकले होते. सगळ्यांचे. उंच पामचा ठिपका तेवढा होता तिथेच होता. आणि तो पाम कलला होता. उजेडाकडे नाही. उजेडाकडे पाठ करून... स्वयंपाकघराकडे.

मावशीची झोप उडाली. जेवण जाईना. शेवटी तिने सगळे पाम विकायला काढले. नर्सरीवाला दोन गडी घेऊन आला. लहान कुंड्या तासाभरात गाडीत चढल्या. मोठी कुंडी तिघांनी मिळून ढकलली. केसभरही हलली नाही. पुढच्या आठवड्यात आणखी माणसं आणतो, छताच्या काचा काढाव्या लागतील, असं सांगून तो गेला.

मध्ये रविवार आला.

टक. टक. टक.

या वेळी मावशी धावत गेली. चपलाही घातल्या नाहीत. तिने कुंडीची एक बाजू दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाली, "आले. धरलंय मी."

कुंडी फिरली... बरोबर पाव फेरा.

नर्सरीवाला पुन्हा आला तेव्हा ठिपक्याकडे बघतच राहिला. "बाई, तुमच्या जोडीला कोण होतं?" त्याने विचारलं.  पाम विकायचा नाही, मावशी म्हणाली.

त्यानंतर तिने एकही रविवार चुकवला नाही. पाम हळूहळू सरळ झाला. मावशी मात्र खंगत गेली, आणि तीन महिन्यांपूर्वी तिची कंबर धरली ती धरलीच. आम्ही तिला आमच्या घरी आणलं. चौथा मजला. घरात एक रोपटंसुद्धा नाही.

रविवार. दहा वाजले होते. मावशी पलंगावर पडून होती, आई तिला औषध देत होती.

गॅलरीच्या काचेवर...

टक. टक. टक.

मी स्वतः ऐकलं. गॅलरीत कुणी नव्हतं.

मावशीने उठायचा प्रयत्न केला. जमेना. तिने आईकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

"मला उठवत नाही," ती म्हणाली. "आता तू जा."

आईच्या हातातला चमचा खाली पडला. दोन मिनिटांची ती गोष्ट आईने मला त्याच दिवशी, चपला घालता घालता सांगितली. तोवर दोघींपैकी कुणीच ती कधी काढली नव्हती.

आता दर रविवारी पहिल्या बसने आई त्या रिकाम्या घरी जाते. मला बरोबर येऊ देत नाही. दुपारी परतते तेव्हा हात मनगटापर्यंत सिमेंटच्या धुळीने माखलेले असतात.

मावशी दर वेळी एकच विचारते. "काही बोलले का?"

आई मानेनेच नाही म्हणते आणि हात धुवायला जाते. बराच वेळ धूत बसते.

दुसऱ्या बाजूला कोण धरतं, हे मी अजून विचारलेलं नाही. रविवारी दहाच्या सुमाराला फोन वाजला, तर तोही मी उचलत नाही. दोन मिनिटांचाच असला तरी.