चारशे दोनची बेल

ही गोष्ट खरी आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडलेली. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, मी आग्रह करणार नाही. आडनावं तेवढी बदलली आहेत, कारण ती माणसं अजून त्याच बिल्डिंगमध्ये राहतात. मीही तिथेच राहतो.

आणखी एक सांगून ठेवतो. यात अमावस्या नाही, स्मशान नाही, रात्रसुद्धा नाही.

मागच्या वर्षीचा नोव्हेंबर. वारजे. मंगळवार, दुपारी दोन वाजून पस्तीस मिनिटं. वेळ पक्की लक्षात आहे, कारण त्या वेळी आमच्याकडे कोणी बेल वाजवत नाही. एक ते चार आम्ही झोपतो. लोक यावर विनोद करतात, करोत बापडे.

मी पेंडसे, असं समजा. वय सत्तावन्न. बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतलेला आणि नऊ वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी. चार मजले, बारा फ्लॅट आणि एक नोटीस बोर्ड. त्या बोर्डावरच्या माझ्या पाट्यांचे लोक फोटो काढून नेतात, याचा मला अभिमान होता.

माझ्या वरच्या मजल्यावर, चारशे दोनमध्ये, नंदाताई रामटेके राहतात. मूळच्या भंडाऱ्याच्या. तीस वर्षं सरकारी नोकरी करून निवृत्त झाल्या. यजमान गेल्यापासून एकट्याच असतात. त्यांचा एकुलता एक मुलगा अभय प्रवासी जहाजावर कॅप्टन होता. त्याच वर्षी सव्वीस जानेवारीला तो सुट्टीवर होता म्हणून झेंडावंदन आम्ही त्याच्याच हस्ते केलं. शाल, श्रीफळ, भाषण. भाषण अर्थात माझंच.

त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी पहाटे त्याचं जहाज बुडालं.

सदतीस माणसं गेली. शेकडो वाचली. कॅप्टन बेपत्ता.

रविवारी ती क्लिप आली. चौदा सेकंदांची. जहाज जिथून चालवतात त्या खोलीचं दार ढकलून पांढऱ्या गणवेशातला अभय बाहेर पडतो आणि जिन्यावरून धावत सुटतो. बस, एवढंच.

पण लोकांना तेवढं पुरलं. कॅप्टन पळाला. सगळ्यात शेवटी उतरायचं असतं आणि हा सगळ्यात आधी सुटला. चॅनेलवर तेच, रीलवर तेच, कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये तेच. ज्यांनी आयुष्यात पानशेतच्या पलीकडे पाणी पाहिलं नव्हतं ते जहाज कसं चालवावं ते सांगत होते. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘कोट्यातून कॅप्टन केल्यावर दुसरं काय होणार.’ त्यावर अकरा अंगठे आले. ग्रुपचा अॅडमिन मी. मी ते काढलं नाही.

त्या संध्याकाळी मी बोर्डावर नवी पाटी लावली.

‘लिफ्ट बंद पडल्यास महिला, मुले व वृद्ध यांना आधी बाहेर काढावे. जहाजावर काय पद्धत आहे ते येथे सांगू नये. — सेक्रेटरी.’

“काढा ती,” शर्मिला म्हणाली. माझी बायको. “चौदा सेकंदांत माणूस कळतो का हो तुम्हाला?”

मी म्हणालो, “मी कुणाचं नाव घेतलंय का?”

रात्रीपर्यंत ती पाटी चाळीस हजार लोकांनी पुढे पाठवली होती. सांगायला लाज वाटते, पण मला त्या रात्री छान झोप लागली.

सोमवारी चॅनेलवाले आले. एकामागून एक. दहा दहा मिनिटांनी चारशे दोनची बेल. शेवटी नंदाताई दारात आल्या. इस्त्रीची साडी, हात जोडलेले. समोर पंधरा माईक.

“ज्यांची माणसं गेली त्यांची मी माफी मागते,” त्या म्हणाल्या. “आणि माझा मुलगा लोकांना टाकून पळाला असेल, तर या घराचं दार त्याला बंद आहे.”

पुढे दिवसभर तेवढंच वाक्य दाखवत राहिले. आईनेच दार बंद केलं. खाली लाल पट्टी.

तरी माणसं येतच राहिली. दुपारची झोप गेली म्हणून ग्रुपवर तक्रारी सुरू झाल्या. मग मी जे केलं ते नीट ऐका, कारण सगळं त्यावरच आहे.

संध्याकाळी मी स्क्रूड्रायव्हर घेऊन वर गेलो. नंदाताईंच्या दाराबाहेरच्या बटणाचं झाकण काढलं, आतली एक वायर सोडवली आणि झाकण पुन्हा बसवलं. दोन मिनिटांचं काम. आता कुणी कितीही बटण दाबलं तरी आत आवाज जाणार नव्हता.

त्यांना विचारलं नाही. सांगितलंही नाही. भेटायला येणारं तसंही आता कोणी उरलं नव्हतं.

आणि मंगळवारी, दोन पस्तीसला...

आमची बेल वाजली.

सात वेळा, तुटक. मग एकदा, लांबलचक.

मी चिडून उठलो. दार उघडलं.

कोणी नव्हतं.

पॅसेज रिकामा. लिफ्ट तळमजल्यावर. जिन्यात एरवी घुमणारी कबुतरं... एकही नाही. इतकी शांतता मी त्या बिल्डिंगमध्ये कधी ऐकली नव्हती.

मग शेजारची बेल वाजली. माझ्या डोळ्यांसमोर. सात तुटक, एक लांब.

त्या दारासमोर कोणी नव्हतं.

शेजारी बनियनवर बाहेर आले. माझ्याकडे पाहिलं. “पेंडसे, ही काय वेळ आहे?” एवढं म्हणून दार लावून घेतलं. त्यांना वाटलं मीच वाजवली.

खाली दशरथला फोन केला. तो आमचा वॉचमन, मांजरी गावचा, सरळ माणूस.

“कुणीबी आलं न्हाई साहेब,” तो म्हणाला. “मी गेटावरच हाय. जेवलो बी न्हाई अजून.”

कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग पाहिलं. पहिला मजला, दुसरा, तिसरा. एकेक दार उघडतं, एकेक माणूस डोळे चोळत बाहेर बघतो आणि आत जातो. बेल वाजवणारा कुठेच नाही. चौथ्या मजल्यावरचा कॅमेरा सहा महिने बंद होता. दुरुस्ती माझ्याकडेच होती.

मी वायरिंगला दोष दिला. ग्रुपवर तसं लिहिलंसुद्धा. पण संध्याकाळी आमच्या दाराबाहेरच्या बटणाला हात लावला, तर ते ओलं होतं. बोट सुकल्यावर त्यावर पांढरं काहीतरी राहिलं.

जिभेला लावलं.

मीठ.

बुधवारी मी झोपलो नाही. अडीचपासून जिन्यात उभा राहिलो, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे. कोणी खोड्या करत असेल तर रंगेहाथ पकडायचा होता, नोटीस कशी लिहायची तेही ठरवून ठेवलं होतं.

दोन पस्तीस.

खालून सुरुवात झाली. पहिला मजला. सात, एक. थोडा वेळ शांतता. पुढचं दार. सात, एक. वाजवणाऱ्याला घाई होती. दार उघडायची वाट बघायला त्याला वेळ नव्हता.

दुसरा मजला. तिसरा.

मग माझ्या अंगावरून काहीतरी गेलं...

वारा म्हणावं तर वारा नव्हता. गार होतं. डिझेलचा आणि खाऱ्या पाण्याचा वास होता, आणि अगदी कानाजवळ धापा टाकण्याचा आवाज. किती तरी जिने चढून आलेल्या माणसासारखा.

मी कठड्याला चिकटून उभा राहिलो.

चारशे एकची बेल वाजली. चारशे तीनची वाजली. ते दोन्ही फ्लॅट तेव्हा रिकामेच होते.

मग चारशे दोन.

तिथे मात्र लगेच काही झालं नाही. धापा थांबल्या. दारासमोर जणू कोणी केस सारखे करत, श्वास आवरत उभं होतं. आतून टीव्ही बारीक ऐकू येत होता. बातम्याच लागल्या होत्या.

मग... बटण आत गेलं.

मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पांढरं बटण आत गेलं आणि बाहेर आलं. सात वेळा. आठव्यांदा आत गेलं आणि तिथेच राहिलं. कितीतरी वेळ.

आवाज नाही.

आत आवाज कुठून जाणार?

पुन्हा सात वेळा. पुन्हा एकदा, लांब. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी ते बटण थरथरत होतं.

दारापलीकडे सहा-सात पावलांवर ती बाई बसली होती. मला फक्त दार ठोठावायचं होतं. पाच पायऱ्या चढून दारावर एक थाप मारायची होती. “ताई, उघडा,” एवढंच म्हणायचं होतं.

मी नाही चढलो. भीती वाटली, हे खरं. पण खरं कारण वेगळं होतं. दार उघडलं असतं तर बेल का वाजली नाही हे सांगावं लागलं असतं.

बटण बाहेर आलं. पुन्हा आत गेलं नाही.

वास हळूहळू विरला. जिन्यात एक कबुतर येऊन बसलं. पावणेतीन झाले होते.

मी घरी जाऊन स्क्रूड्रायव्हर आणला आणि वायर पुन्हा जोडली. स्क्रू दोनदा खाली पडला. जोडल्यावर बेल वाजवून बघायची माझी हिंमत झाली नाही. ती वाजली असती तर त्या धावत दाराशी आल्या असत्या, आणि समोर मी असतो.

गुरुवारी दोन पस्तीसला मी पुन्हा जिन्यात उभा होतो.

कुठेच काही वाजलं नाही.

त्यानंतर कधीच वाजलं नाही.

त्याच संध्याकाळी अभय मिळाला. किनाऱ्यावर.

पुढच्या आठवड्यात पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती. मंडईत गाळा असलेल्या मालनबाई त्या जहाजावर होत्या, सत्तरी झाली म्हणून मुलांनी पाठवलेलं. हॉस्पिटलमधून त्यांनी सांगितलं होतं, “माझ्या खोलीची बेल वाजली. सात बारक्या अन् एक लांब. दारात कॅप्टन. म्हणाला, मावशी, उठा, वर जा. भोंगा द्यायला मला उशीर झाला, माझं चुकलं. अन् फुडल्या दाराला गेला. तसाच खाली खाली गेला त्यो. मला वर घेणारे लोक सांगत होते, खालच्या मजल्यात पाणी हाय. पर त्यो आला न्हाई माघारी.”

पुढे चौकशीत तेच निघालं. जहाज खडकावर आदळल्यावर धोक्याचा इशारा द्यायला त्याने तेहतीस मिनिटं लावली होती. ती सदतीस माणसं त्या तेहतीस मिनिटांत गेली, असं अहवाल म्हणतो. दोष त्याचाच होता. आणि क्लिपमधला जिना खाली, प्रवाशांच्या खोल्यांकडे जाणारा होता, हेही त्याच अहवालात आहे.

ते कोणी पुढे पाठवलं नाही. तोवर लोकांना दुसरं काहीतरी मिळालं होतं. माझी पाटी मात्र अजून फिरते. परवा एका लग्नात मला कुणीतरी तीच दाखवली.

जलदान, पुण्यानुमोदन हे मागचे विधी सगळे झाल्यावर, साधारण महिन्याने, नंदाताई आमच्याकडे आल्या. पहिल्यांदाच. शर्मिलाने चहा केला. त्यांनी तो घेतला नाही.

“पेंडसे भाऊ, एक विचारायचं होतं,” त्या म्हणाल्या. “माझ्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा भुतंखेतं घरातून काढून टाकली. मीही मानत नाही. पण खालच्या मजल्यावरच्या बायका सांगत होत्या, त्या दोन दिवशी सगळ्यांच्या बेल वाजल्या. सात छोट्या आणि एक लांब. खरं आहे का?”

मी हो म्हणालो.

“जहाजावरचा धोक्याचा इशारा तो. सुट्टीवर आला की अभय गमतीने तशीच बेल वाजवायचा. लहान मुलासारखा. माझी नाही वाजली. दोन्ही दिवस मी जागी होते. टीव्हीचा आवाजसुद्धा बारीक ठेवला होता.”

शर्मिला माझ्याकडे पाहत होती. तिला वायरचं माहीत नव्हतं. अजून नाही.

“मी म्हटलं होतं ना, दार बंद आहे म्हणून,” नंदाताई म्हणाल्या. “ऐकायचा तो माझं. लहानपणापासून. म्हणून सगळ्यांकडे गेला आणि माझ्याकडे आला नाही. असंच असेल ना भाऊ?”

मला सांगता आलं असतं, की तो आला होता. तीनदा बेल दाबली त्याने. बटण सोडवत नव्हतं त्याच्याच्याने.

पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. आणि ते ऐकून त्यांना बरं वाटलं असतं की आणखी वाईट, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

“मला काही कल्पना नाही ताई,” मी म्हणालो.

त्या उठल्या. नमस्कार करून गेल्या.

तेव्हापासून एक ते चार चारशे दोनचं दार उघडं असतं. सताड. त्या समोर खुर्ची टाकून बसलेल्या असतात. सगळी बिल्डिंग झोपलेली असते. मी झोपत नाही. दोन पस्तीस झाले की उठून बसतो आणि कान देतो.

काही ऐकू येत नाही. वरून खुर्ची सरकवल्याचा आवाज येतो, चार वाजता, आणि दार लागतं.

तो आम्हाला उठवायला आला होता की आईचं दार शोधत, मला माहीत नाही. तो पुन्हा येईल असं मला वाटत नाही. किती वेळा यायचं माणसाने.

हे मी दुसरीकडे कुठे लिहू शकत नव्हतो. सोसायटीच्या ग्रुपवर नाही, शर्मिलाजवळ नाही. या पेजवर लिहितोय, कारण नंदाताई भुताच्या गोष्टी वाचत नाहीत.