नसण्याचे एकेचाळीस शब्द

कौमुदी ट्राममध्ये स्वतःशीच पुटपुटत होती, आणि आपण मोठ्याने पुटपुटतोय हे तिच्या गावीही नव्हतं.

"कुलांग... कमी. वाला... नाही. नाहुरोत... संपलं. निहित... दुर्मीळ."

न्युरेम्बर्गला ऑक्टोबरचा पाऊस लागला होता. काचेवरून पाण्याचे ओघळ वाकडेतिकडे धावत होते, ओल्या कोटांचा वास डब्यात भरून राहिला होता. समोरच्या सीटवर निळं जॅकेट घातलेला एक तरुण बसला होता. केस भिजलेले, मांडीवर डबा. तिचा पहिला शब्द कानावर पडला तसा तो दचकला. दुसऱ्या शब्दाला त्याने मागे वळून पाहिलं. चार स्टॉप त्याने कसेबसे काढले, मग मात्र त्याला राहवेना.

"माफ करा," तो अडखळत जर्मनमध्ये म्हणाला, "तुम्ही ठीक आहात ना? म्हणजे... तुमच्याकडे काहीच नाही का?"

"आँ?"

"मघापासून तुम्ही माझ्या आईच्या भाषेत सांगताय. कमी आहे, नाही, संपलं... म्हटलं, निदान सँडविच तरी विचारावं." त्याने डबा पुढे केला.

कौमुदीचे कान तापले. मग तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना. "तुम्ही सेबूचे?"

"सेबूच्या उत्तरेला एक छोटंसं बेट आहे, तिथला. अर्नेल. इथे इस्पितळात नर्स आहे. आणि तुमचा उच्चार... सॉरी हं... भयंकर आहे. 'वाला' नाही. शेवटी आवाज तोडायचा. वाला'!"

"आमच्याकडे 'वाला' म्हणजे ज्याच्याजवळ आहे तो," कौमुदी म्हणाली. "दूधवाला. म्हणजे दूध विकणारा."

"आमच्या हिशेबाने तुमच्या दूधवाल्याकडे दूधच नाही!"

"आमच्या जालन्यात कधीकधी नसतंही."

तो हसला तेव्हा त्याच्या डाव्या गालावर एक बारीकशी खळी उमटली... आणि कौमुदीने ती उगाचच टिपून ठेवली. तो आपल्या स्टॉपच्या पुढे दोन स्टॉप येऊन उतरला, हे तिला पुष्कळ नंतर कळलं.

कौमुदी तिथल्या एका संस्थेत पीएचडी करत होती. पूर, भूकंप, वादळ आलं की लोक मोबाइलवर हजारो संदेश पाठवतात. कुणाला काय हवंय हे त्यातून चटकन शोधणारा प्रोग्रॅम तिचा गट लिहीत होता. त्यासाठी निरनिराळ्या भाषांतल्या टंचाईच्या शब्दांच्या याद्या लागत. एका बाजूला मूळ शब्द, समोर त्याचा इंग्रजी अर्थ. सेबुआनो, म्हणजे अर्नेलच्या बेटांकडची भाषा, कुणी घेईना म्हणून ती कौमुदीच्या वाट्याला आली होती.

मग दर गुरुवारी दुपारी, अर्नेलची पहिली पाळी संपली की, दोघं ट्रामच्या थांब्याजवळच्या बेकरीत बसू लागले. तो तिची यादी तपासायचा. ती त्याला जर्मन परीक्षेसाठी व्याकरण शिकवायची. यादी दहावरून वीसवर गेली, विसावरून चाळीसवर. एवढ्या शब्दांना चार गुरुवार खरं तर जास्तच होते. पण ते दोघांपैकी कुणी बोलून दाखवलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी त्याने कॉफीचा कप गोल गोल फिरवत विचारलं, "कौमुदी, आपण एकमेकांना 'डू' म्हणूया? सारखं 'झी', 'तुम्ही' म्हटलं की मला वाटतं, मी ऑफिसात फॉर्म भरतोय."

"म्हणजे आता मी तुला 'तू' म्हणायचं?"

"म्हण ना."

"तू," ती म्हणाली. एवढाच तर शब्द... पण तो उच्चारताना तिला खिडकीबाहेर बघावं लागलं.

त्या रविवारी जालन्याहून आईचा फोन आला. "काय गं, आवाज फार खुशीत आहे तुझा! प्रोफेसरीणबाई रजेवर गेल्यात का?"

"नाही गं आई, काम चांगलं चाललंय."

"कामाने इतका आनंद होतो होय," सुलेखाबाई म्हणाल्या.

मग नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ते वादळ आलं.

अर्नेलच्या बेटावरून ते सरळ गेलं होतं. फोन लागत नव्हता. त्याची आई तिथे एकटीच राहायची. तो नेमाने कामावर जात होता, रुग्णांचे बीपी तपासत होता, त्यांच्याशी हसून बोलत होता. दुपारी मात्र तो कौमुदीच्या संस्थेच्या पायऱ्यांवर येऊन बसायचा आणि हातातल्या फोनकडे बघत राहायचा. कौमुदी शेजारी बसायची. चौथ्या दिवशी तिने आपला मफलर काढून त्याच्या गळ्याभोवती गुंडाळला, तेव्हा त्याने तिच्या हातावर आपला हात क्षणभर दाबून धरला, एवढंच.

आत तिची यादी खऱ्या कामाला लागली होती. संदेशांचे दोन गठ्ठे पडत होते. लाल म्हणजे ताबडतोब मदत हवी; हिरवा म्हणजे बरं चाललंय. लाल गठ्ठा मदतसंस्थेकडे जायचा, आणि त्यांच्या मोजक्या बोटी त्यावरून ठरायच्या.

पाचव्या दिवशी बेटावरून संदेश आले. कुणीतरी टेकडीवर चढून रेंज पकडली होती. त्यातला एक अर्नेलच्या आईचा होता. कौमुदी पळतच पायऱ्यांवर आली. अर्नेलने तो वाचला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"जिवंत आहे! घराचं छप्पर गेलंय, पण ती बरी आहे. लिहिलंय, काळजी करू नको, पाणी दागिनोत करतोय." तो रडत होता, हसत होता. कौमुदीने त्याला मिठीच मारली, आणि मग दोघांनाही ते लक्षात आलं.

"दागिनोत," ती बाजूला होत, केस सावरत म्हणाली. "हा आपल्या यादीत नाही."

"कसा असेल? त्याचा अर्थ चांगला आहे. काटकसर. डिक्शनरीत बघ... जपून वापरणं."

तिने पाहिलं. खरंच होतं. म्हणूनच बेटाचे सगळे संदेश हिरव्या गठ्ठ्यात जाऊन पडले होते.

पण तिला ते कुठेतरी खटकत राहिलं. "अर्नेल, तुझी आई कधी म्हणते हे? नेमकं काय चाललेलं असतं तेव्हा?"

तो आठवू लागला. "लहानपणी एकदा विहीर खारी झाली होती. आई तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला वापरायची. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना. आम्हाला नारळाच्या करवंटीने मोजून पाणी द्यायची, आणि स्वतः नुसते ओठ ओले करायची. शेजारणीने विचारलं की म्हणायची, दागिनोत करतोय..." बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला.

"पुरवून पुरवून!" कौमुदी मराठीतच ओरडली.

"काय?"

"आमच्याकडे याच उन्हाळ्यात दुष्काळ होता. आठ दिवसांनी टँकर यायचा. मी इथून फोन केला की आई म्हणायची, आहे गं पाणी, पुरवून पुरवून वापरतोय. मी खुळी, निश्चिंत झोपायचे! नंतर बाबांकडून कळलं, त्या दिवसांत घरात एक हंडा उरलेला असायचा. आईने एकदाही 'नाही' म्हटलं नाही." तिने त्याचा दंड धरला. "अर्नेल, तुझ्या बेटावर पाणी संपत आलंय."

तिची गाइड, फ्राऊ विगांड, हुशार आणि काटेकोर बाई होती. कौमुदीचं सगळं ऐकून तिने चष्मा काढला. "कौमुदी, बोटी थोड्या आहेत. तुझ्या अंदाजावरून मी एक बोट इकडे वळवली, तर ती दुसरीकडून कमी होते. डिक्शनरी म्हणते काटकसर. माझ्यासमोर पुरावा ठेव."

"किती वेळ आहे?"

"ते तुझ्या बेटालाच विचारायला हवं," बाई म्हणाली. ती कठोर नव्हती, खरं तेच बोलत होती.

शनिवारी सकाळी अर्नेल रजा घेऊन संस्थेत आला. सोबत खिचडीसारखा पातळ भात आणि आलं घातलेली कोंबडी. "हे खाल्ल्याशिवाय माझ्या भाषेतलं कुणी वाचू नये," तो म्हणाला. दोघं एका टेबलाशी बसले. याच वादळात सापडलेल्या, पण फोन चालू राहिलेल्या दुसऱ्या गावांचे संदेश त्यांनी एकेक करून वाचले. तो वाचून दाखवायचा, ती नोंद करायची. ज्या ज्या नंबरवरून 'दागिनोत' आलं होतं, त्याच नंबरवरून पुढे काय आलं, हे ते शोधत होते. बाहेर पाऊस पडत होता, रेडिएटर गुरगुरत होता, आणि त्यांचे खांदे कधी एकमेकांना टेकले ते कळलंच नाही. कुणी ते हलवलेही नाहीत.

दुपारी तीनला कौमुदीने पेन खाली ठेवलं. "चौसष्ट जणांनी 'दागिनोत' लिहिलं. त्यातल्या एकसष्ट जणांनी दोन दिवसांच्या आत लिहिलंय..."

"नाहुरोत," अर्नेल म्हणाला. संपलं.

"आणि तुझ्या बेटावरून?"

"अकरा दागिनोत. कालचे." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "नाहुरोत अजून एकही नाही."

फ्राऊ विगांड शनिवार असूनही पंधरा मिनिटांत आली. कोट न काढताच तिने तक्ता वाचला. वरून खाली एकदा, खालून वर एकदा. मग ती खुर्चीत बसली.

"गेनाऊ," ती हळूच म्हणाली. "बरोबर. आपण आतापर्यंत संपल्यावर जागे होत होतो. या शब्दाने दोन दिवस आधी कळतं." तिने फोन उचलला, आणि उचलता उचलता अर्नेलकडे वळून विचारलं, "शब्दाचं स्पेलिंग सांगा, अर्नेल. आणि बेटाचंही."

यादीत एकेचाळिसावा शब्द चढला. तासाभरात सतरा गावं हिरव्या गठ्ठ्यातून लाल गठ्ठ्यात आली. रविवारी एक बोट वळवली असं कळलं. त्यानंतर दोन दिवस काहीच कळलं नाही. त्या दोन दिवसांत अर्नेलने कौमुदीचा हात धरला, तो ट्राममध्ये, पायऱ्यांवर, बेकरीत, कुठेही सोडला नाही. तिनेही तो कशासाठी धरलाय असं विचारलं नाही. अशा वेळी हात धरतातच, असं तिने स्वतःला समजावलं. पण पटलं मात्र नाही.

मंगळवारी दुपारी दोघं हाउप्टमार्क्टच्या मोठ्या चौकातून चालले होते. नाताळच्या बाजाराचे लाकडी ठेले उभे राहत होते, हातोड्यांचा ठकठकाट चालला होता. अर्नेलचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. त्याने तो कानाला लावला आणि जागच्या जागी थबकला.

"नानाय?" आईच होती.

पलीकडून एक चिरका, भरभरून बोलणारा आवाज येऊ लागला. अर्नेलने स्पीकर लावला आणि धापा टाकत अर्थ सांगू लागला. "बोट आली... काल सकाळी... निळी पिंपं, सगळ्या बेटाला पुरतील एवढी! तिच्याकडे दोन करवंट्या उरल्या होत्या. दोन, कौमुदी! आमच्या बेटावर कुणीही... कुणीही तहानेने..."

कौमुदीने भर चौकात, ठेल्यांच्या मधोमध, दोन्ही हात वर करून अशी आरोळी ठोकली की शिडीवरचा सुतार हातोडा थांबवून बघायला लागला. मग तोही, काही न कळताच, हसला आणि हातोडा उंचावून दाखवला.

फोनमधला आवाज एकदम थांबला. मग संशयाने विचारलं, "किन्सा मान ना? उयाब निमो?"

अर्नेल कानापर्यंत लाल झाला. "ती... अं... काही नाही, विचारतेय की आवाज कुणाचा..."

पण कौमुदीने हजारभर संदेश वाचले होते. वादळानंतर बेटाबेटांवरून पोरंपोरी सारखं एकच विचारत होती – माझा उयाब कुठाय, माझी उयाब सुखरूप आहे ना? त्या शब्दाचा अर्थ कुणी तिला सांगायची गरज नव्हती. तिने वाकून फोनजवळ तोंड नेलं.

"ओ-ओ, नानाय," ती ठणठणीत आवाजात म्हणाली. हो.

पलीकडे हसण्याचा, टाळ्यांचा गलका उसळला. अर्नेलच्या आईने बहुधा बोटीवरच्या कुणाचा तरी फोन घेतला होता आणि धक्क्यावरची सगळी माणसं भोवती गोळा झाली होती.

"तू मला विचारलंसुद्धा नाहीस," अर्नेल म्हणाला. डोळे ओले होते, खळी खोल पडली होती.

"मग आता विचारते. चालेल?"

"मी पहिल्या दिवशी दोन स्टॉप पुढे गेलो होतो, कौमुदी. पावसात चालत परत आलो. तेव्हापासून चालेल."

त्याने तिचा चेहरा ओंजळीत धरला. त्याचे हात गार होते. ओठ मात्र नव्हते.

थोड्या वेळाने कौमुदीने स्वतःचा फोन काढला. जालन्यात संध्याकाळ झाली असणार, आई देवापाशी दिवा लावून मोकळी झाली असणार. धीर आहे तोवरच सांगून टाकायला हवं होतं. तिने सगळं सांगितलं – बेट, शब्द, बोट, आणि अर्नेल.

सुलेखाबाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही. शेवटी विचारलं, "म्हणजे समुद्राकडचा. मासे खात असेल."

"खातो, आई."

"हं. बाबांना मी सांगते, माझ्या पद्धतीने. तू घाई करू नको." मग जरा थांबून, "ते राहू दे. मला एवढंच सांग, तो तुझ्याशी बोलताना ऐकतो का गं? की नुसता बोलतो?"

कौमुदीने पाहिलं. अर्नेल तिच्यासमोर ताठ उभा होता. तिच्या ओठांकडे एकटक बघत तो तिच्या मराठीतला एकेक शब्द पकडायची धडपड करत होता.

"ऐकतो, आई," ती म्हणाली. "अगदी कान देऊन ऐकतो."

"मग दे त्याला फोन," आई म्हणाली.