झाडाचं अक्षर

नातीचं, शर्वाणीचं हे वागणं द्वारकाआजींना मुळीच पटलं नव्हतं. त्यांना न विचारता तिने दुपारची वेळ घेऊन टाकली होती. जणू डोक्यात जपानी भरणं म्हणजे दाढ उपटणं!

देवगडच्या द्वारकाआजी म्हणजे आंब्याची कलमं बांधणारा नावाजलेला हात. हवा तापत गेली, दक्षिण जपानच्या टेकड्यांवर हापूस धरू लागला, तसं तिथल्या बागांतून त्यांना बोलावणं आलं. पण मजूर, पाट्या, सगळं जपानी. मेंदूतज्ज्ञ नातीकडे त्यावर उपाय होता : स्मृतिकलम. तयार भाषा एका दुपारीत मेंदूत बसवायची. तिने स्वतः गेल्याच वर्षी बसवून घेतली होती.

"कलम म्हणतेस, तर खालच्या रोपाचा खुंट कुठे छाटतेस ते सांग."

शर्वाणी हसली. "बरोबर धरलंस, आजी. जागा तर करावीच लागते. ज्या आठवणी वर्षानुवर्षं आपण काढलेल्याच नसतात, त्यांचे धागे यंत्र सोडवतं आणि तिथे भाषा विणतं."

"तुझं काय गेलं?"

"ते कसं सांगू? गेल्याचीसुद्धा आठवण राहत नाही. असेल काहीतरी किरकोळ."

"मग मी हातानेच शिकेन."

"दोन हजार अक्षरं आहेत, आजी! दहा वर्षं लागतील."

"जगते दहा वर्षं. बस खाली."

कलमाच्या चाकूने शर्वाणीने मातीत अक्षर काढलं : 木. आडवी फांदी, उभं खोड, दोन्ही अंगांना उतरलेल्या मुळ्या. "की. म्हणजे झाड."

"पान नाही, मोहोर नाही. कसलं गो हे झाड?" म्हणत आजींनी खोडाची रेघ खालून वर ओढली.

"वरून खाली, आजी."

"झाड वरून खाली वाढतं होय?"

शेवटी शर्वाणी त्यांच्या पाठीला टेकून बसली आणि त्यांचा हात हातात धरून गिरवू लागली. "गंमत वाटते गं. मी आजवर कुणालाच अक्षर शिकवलं नव्हतं."

आजींचा हात थबकला.

सहा वर्षांची शर्वाणी अशीच पाठीला टेकून बसली होती. ताटात तांदळाचं पीठ पसरून, आजींचं बोट धरून तिने 'द्वारका' लिहून घेतलं होतं. एकट्या 'द्वा'ला दोन दिवस लागले होते. तोवर आजींना स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. आजी ते ताट रोज आठवत. पोरीने एकदाही आठवलं नव्हतं, म्हणूनच यंत्राला ती जागा मोकळी सापडली.

 

"काय झालं, आजी?"

"काही नाही. ती दुपारची वेळ रद्द कर." आजींनी बोटाने रेघ ओढली, वरून खाली, नीट. "मास्तरीण चांगली आहेस गो तू. पहिल्यापासूनच."